जीवति : विनयपिटकातील शल्यकथा आणि वाचलेल्यांचा इतिहास

पालि विनयपिटकाच्या महावग्गातील आठव्या खन्धकाचे नाव चीवरक्खन्धक. नावावरून येथे भिक्खूंच्या वस्त्रांविषयीचे नियम असावेत असे वाटते आणि ते आहेतही. परंतु या खन्धकाचा आरंभ होतो तो राजगृहाच्या उकिरड्यावर. तेथे एका मोडक्या सुपात एक नवजात अर्भक पडले आहे आणि त्याच्याभोवती कावळे जमले आहेत.

काही वर्षांपूर्वी वर्षावासात यवतमाळ जिल्ह्यातील नेर येथे एका विहारात या प्रकरणावर बोलण्याचा योग आला. अमरावतीहून यवतमाळकडे जाताना लागणारे, नेर परसोपंत या नावानेही ओळखले जाणारे हे तालुक्याचे गाव. भोवती कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेते. प्रवचन संपल्यावर श्रोत्यांनी आपापल्या आठवणी सांगावयास सुरुवात केली. कोणी विहिरीत पडून काठावर आलेल्या मुलाची हकीकत सांगितली, कोणी बैलबंडीचे चाक छातीवरून जाऊनही उठून बसलेल्या गड्याची, कोणी नाग चावून तिसऱ्या दिवशी शेतावर गेलेल्या मजुराची. अशा हकीकतींना माणूस कधीही कंटाळत नाही. मात्र जवळजवळ प्रत्येक हकीकतीचा शेवट एकाच म्हणीने होत होता : देव तारी त्याला कोण मारी. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांच्या तोंडीही ती म्हण सहज येत होती, कारण म्हणी धर्मांतर करीत नाहीत.

मागच्या रांगेत बसलेल्या एका वृद्ध उपासिकेने मात्र हकीकत सांगितली नाही. तिने विचारले, "सर, थे पोरगं उकिरड्यावर टाकाले गेली थे दासी, तिचं मंग काय झालं?" मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने मला मूळ ग्रंथाकडे पुन्हा वळविले आणि प्रस्तुत लेख हे त्याचेच फलित आहे.

महावग्गातील कथा थोडक्यात अशी. वैशालीच्या आम्रपालीमुळे त्या नगरीचे वैभव वाढले हे पाहून राजगृहाच्या श्रेष्ठींनी राजा बिंबिसाराच्या संमतीने सालवती नावाच्या तरुणीला गणिकापदी बसविले. ती गर्भवती राहिली. आपण गर्भवती आहोत हे कळले तर आपला मान जाईल, या भयाने तिने आजाराचे निमित्त करून लोकांना भेटणे बंद केले आणि मुलगा होताच दासीकडून त्याला जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकविले. राजपुत्र अभय पहाटे राजदर्शनास निघाला असता त्याला कावळ्यांचा घोळका दिसला. ते काय आहे, असे त्याने विचारले. अर्भक आहे, असे सेवकांनी सांगितले. ते जिवंत आहे काय, हा त्याचा दुसरा प्रश्न. सेवकांचे उत्तर एका शब्दाचे होते : जीवति. त्यावरून त्याचे नाव जीवक पडले आणि कुमाराने वाढविला म्हणून कोमारभच्च. भारतीय वैद्यकाच्या परंपरेतील अत्यंत कीर्तिमान वैद्याचे नाव कुळावरून, गोत्रावरून किंवा देवतेवरून आलेले नाही. एका अपघाती वाचलेल्या जिवाची नोंद एवढाच त्याचा अर्थ आहे. ('कोमारभच्च' या शब्दाचा संबंध बालचिकित्सेच्या कौमारभृत्य या शाखेशी जोडणारे विद्वान आहेत, तो अर्थ भाषाशास्त्रीय दृष्ट्या त्याज्य नाही, पण विनयाने दिलेली व्युत्पत्ती मला अधिक बोलकी वाटते.)

मोठा झाल्यावर जीवकाने आपली आई कोण, असे विचारले. अभयाने सांगितले की, आई मला ठाऊक नाही, तुला वाढविले म्हणून पिता मी. राजकुळात कलेवाचून निभाव लागणार नाही हे ओळखून जीवक कोणाला न विचारता तक्षशिलेस गेला व सात वर्षे वैद्यक शिकला. शेवटी आचार्यांनी त्याच्या हाती खणण्याचे अवजार दिले आणि तक्षशिलेभोवती एक योजन फिरून औषधी नाही अशी एखादी वस्तू आणावयास सांगितले. तो रिकाम्या हातांनी परतला. जे टाकाऊ म्हणून दाखविता येईल असे त्याला काहीच सापडले नाही. उकिरड्यावरून उचललेल्या मुलाची ही परीक्षा होती, हे ग्रंथकाराने मुद्दाम सांगितलेले नाही.

आता त्याच्या दोन प्रसिद्ध शस्त्रक्रिया. राजगृहाच्या श्रेष्ठीला सात वर्षांपासून शिरोरोग होता. नामांकित वैद्य आले, सोने घेऊन गेले, गुण आला नाही. काहींनी तो पाचव्या दिवशी मरेल असे भाकीत केले, काहींनी सातव्या दिवशी. जीवकाने त्याला प्रथम विचारले की, एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने पडून राहशील काय? श्रेष्ठीने होकार दिला. जीवकाने त्याला मंचकाला बांधले, डोक्याची कातडी चिरली, कवटीची शिवण उघडली आणि आतून दोन कीटक काढून लोकांना दाखविले, एक मोठा व एक लहान. पाचव्या दिवसाचे भाकीत करणाऱ्यांनी मोठा पाहिला होता, सातव्याचे करणाऱ्यांनी लहान, असा खुलासा त्याने केला. मग शिवण पूर्ववत बसविली, कातडी शिवली, लेप लावला. सात दिवसांतच श्रेष्ठी कुशीला कंटाळला. असे तीनदा झाले आणि एकवीस दिवसांत तो बरा झाला. तेव्हा जीवकाने हसून सांगितले की, एकवीस दिवस लागतील हे मला ठाऊकच होते, पण महिने सांगितले नसते तर तू एवढे दिवसही पडून राहिला नसतास.

दुसरा रुग्ण वाराणसीच्या श्रेष्ठीचा पुत्र. मोक्खचिका म्हणजे कोलांट्यांचा खेळ खेळताना त्याच्या आतड्याला गाठ पडली. पेजही पचेना, मलमूत्र नीट होईना, अंगावर शिरा दिसू लागल्या. जीवकाने लोकांना बाहेर घालविले, पडदा लावला, रुग्णास खांबाला बांधले आणि त्याच्या पत्नीला समोर उभे केले. पोट चिरून त्याने आतड्याची गाठ तिला दाखविली, ती सोडविली, आतडी आत घातली, कातडी शिवली, लेप लावला. आतड्याला पीळ पडून मार्ग बंद होणे हा आजही तातडीने शस्त्रक्रिया करावयाचा विकार मानला जातो. त्या काळी हे खरोखर साध्य होते काय, या प्रश्नाचे उत्तर पालि ग्रंथावरून देता येणार नाही आणि ते देण्याचा अट्टहास करू नये. परंतु ज्याने ही कथा रचली त्याला आघात, अवरोध, कृशता आणि शस्त्रकर्म यांचा क्रम माहीत होता, एवढे निश्चित. कवटीला छिद्र पाडणे तर बुद्धपूर्व काळापासून ज्ञात होते. काश्मीरमधील बुर्झहोम येथे नवाश्मयुगीन आणि राजस्थानातील कालीबंगन येथे हडप्पाकालीन अशा छिद्रे पाडलेल्या कवट्या उत्खननात मिळाल्या आहेत.

या कथांमध्ये नवल आहे. पण नवल कसे सांगितले आहे ते पाहावे. रोग किती वर्षांचा, आधी कोणी काय केले, रुग्णाला कसे बांधले, काय काढले, कोणाला दाखविले, किती दिवस लागले, किती मोबदला मिळाला, हे सर्व येते. मंत्र येत नाही, देवता येत नाही, नवस येत नाही. हीच कथा उत्तरेकडील परंपरांत गेली तेव्हा मात्र तिला पालवी फुटली. चिनी भाषांतरात जीवक जन्मतःच हाती सुया व औषधाची पिशवी घेऊन येतो आणि त्याला शरीराच्या आतील अवयव दाखविणारे लाकूड सापडते; तेथे त्याची माता आम्रपाली आणि पिता बिंबिसार होतो. उकिरडा गेला, राजबीज आले. चमत्काराची वाढ बहुधा याच दिशेने होते. ज्या माणसाने शिकून मिळविले ते त्याला जन्मजात मिळाले असे सांगितले की त्याच्या सात वर्षांच्या श्रमाची गरज उरत नाही.

विनयातील जखमेचे तपशील जीवकापुरते मर्यादित नाहीत. सहाव्या म्हणजे भेसज्जक्खन्धकात गळू झालेल्या एका भिक्खूच्या निमित्ताने एकामागून एक अनुज्ञा येतात : शस्त्रकर्म, तुरट काढ्याने धुणे, तिळाचा लगदा, पोटीस, व्रण बांधण्याची पट्टी, खाज सुटल्यास मोहरीची पूड, व्रण ओलावल्यास धुरी, मांस वर आल्यास मिठाच्या खड्याने छाटणे, व्रण भरत नसल्यास तेल आणि तेल वाहू लागल्यास त्यासाठी कापडाची घडी. प्रत्येक अनुज्ञा आधीच्या उपायात राहिलेल्या अडचणीतून निघालेली आहे. जखमेजवळ बसून राहिलेल्या माणसाशिवाय असा क्रम कोणाला सुचणार नाही. त्याच खन्धकात सर्पदंशावर विष्ठा, मूत्र, राख आणि माती हे चार उपायही सांगितले आहेत. ते त्या काळचे ज्ञान होय. आज शेतात साप चावला तर एकच मार्ग आहे, प्रतिविष असलेले रुग्णालय. जखमेवर माती वा राख लावण्याला बुद्धवचनाचा आधार कोणी देऊ नये.

मज्झिमनिकायातील सुनक्खत्तसुत्त (१०५) या दृष्टीने फारसे वाचले जात नाही. विषारी बाण लागलेल्या मनुष्याची उपमा तेथे आहे. शल्यवैद्य शस्त्राने व्रणाचे तोंड उघडतो, एषणीने बाण शोधतो, तो बाहेर काढतो, विष काढतो आणि मग पथ्य सांगतो : योग्य तेच खावे, वेळोवेळी जखम धुवावी, लेप लावावा, वारा व ऊन टाळावे, जखमेत धूळ जाऊ देऊ नये. यानंतर दोन रुग्ण दाखविले आहेत. एकाच्या जखमेत विषाचा अंश उरला नव्हता असे नाही, पण आपण वाचलो या आनंदात त्याने पथ्य सोडले. जखम सुजली आणि मृत्यू वा मरणप्राय दुःख त्याच्या वाट्यास आले. दुसऱ्याने पथ्य पाळले आणि जखम भरून तिच्यावर कातडी आली. बाण दोघांचाही निघाला होता. नेरच्या विहारात सांगितलेल्या हकीकती बाण निघतो तेथेच थांबत होत्या.

आघात आणि कर्म यांविषयी तथागतांनी काय म्हटले आहे, हे संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात (३६.२१) स्पष्ट आहे. राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपले मत काय? भगवंतांनी आठ कारणे गणली : पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुपालट, विषम आचार, बाह्य आघात आणि आठवे कर्मविपाक. आघातासाठी ओपक्कमिक हा शब्द आहे. काही वेदना अशा कारणांनी होतात हे स्वतःस कळते आणि लोकांतही ते सत्य म्हणून मान्य आहे. म्हणून सर्व काही पूर्वकर्माचे फळ मानणारे स्वानुभवाच्याही पलीकडे जातात आणि लोकमान्य सत्याच्याही, असा या उत्तराचा आशय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (मूळ इंग्रजी, १९५७) या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत का नाकारला हे समजून घेताना हे सुत्त शेजारी ठेवावे. त्याच ग्रंथात जीवकाच्या धम्मदीक्षेलाही त्यांनी स्वतंत्र स्थान दिले आहे.

हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडोंवर उपचार करावे लागले. जे वाचले त्यांचे दैव बलवत्तर होते आणि जे गेले त्यांचे भोग सरले होते, अशी भाषा एकदा स्वीकारली की औषधातील मिश्रण, पंपाचा दाब, कपाशीची वाढलेली उंची, तोंडावर नसलेली पट्टी आणि रुग्णालयात पोहोचण्यास लागलेला वेळ यांविषयी विचारण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. सीवकसुत्ताच्या भाषेत ही वेदना आठव्या कारणाची नव्हती.

वाचविणारे कोण होते, हाही प्रश्न आहे. मनुस्मृतीने वैद्याचे अन्न पुवासारखे मानून ते निषिद्ध ठरविले (४.२२०) आणि त्याला श्राद्धकर्मातून वगळले (३.१५२). त्याहून जुन्या तैत्तिरीय संहितेत अश्विनीकुमार माणसांत वावरणारे वैद्य म्हणून अशुद्ध ठरतात आणि ब्राह्मणाने चिकित्सा करू नये असे सांगितले जाते. रक्त, पू आणि मळ यांना हात लावल्याशिवाय जखम बरी होत नाही आणि हात लावणारा अपवित्र ठरतो. या कोंडीत शल्यकर्म ग्रंथांबाहेर, कारागिरांच्या हातांत टिकून राहिले. याचा पुरावा आपल्या पुण्याजवळच आहे.

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापले गेले. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा मनुष्य १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. (नाव पारशी वाटले तरी पत्रलेखक त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हणतो.) वर्षभर तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या, वीट-मातीचे काम करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. कृती अशी : मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून तो कपाळावर पसरावयाचा, त्याभोवती रेघ आखून तेवढी कातडी सोडवावयाची, पण दोन भुवयांमध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवावयाची. मग ती कातडी पिळून खाली आणावयाची, जुन्या नाकाच्या कडा ताज्या कापून त्यात बसवावयाची आणि वरून भिजविलेल्या काताचा लेप दिलेल्या कापडाच्या पट्ट्या लावावयाच्या. चार दिवसांनी तुपात भिजविलेल्या पट्ट्या. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाच्या वाती. आणि कातडीने मूळ धरल्यावर ती जोडपट्टी कापावयाची. मुंबई इलाख्यातील क्रूसो व फिंडले या दोन डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली होती. जेम्स वेल्स या चित्रकाराने रुग्णाचे चित्र काढले.

सुश्रुतसंहितेत नाक बसविण्याची जी रीत आहे तीत कातडी गालाची घेतात. पुण्याच्या कारागिराने कपाळाची घेतली. म्हणजे पोथीतील ज्ञान जसेच्या तसे त्याच्यापर्यंत आले असे म्हणता येत नाही. हातांनी हातांना शिकविताना ते बदलले, आणि माझ्या मते सुधारलेही. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू याने या वर्णनावरून १८१४ मध्ये शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. युरोपच्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात ती भारतीय पद्धत म्हणून नोंदली गेली. त्या इतिहासात वेल्सचे नाव आहे, क्रूसोचे आहे, कार्प्यूचे आहे, रुग्णाचेही आहे. ज्याने नाक बसविले त्याचे नाव नाही. काही लेखकांनी त्याला 'कुमार' म्हटले आहे. ते व्यक्तिनाम नसून 'कुंभार' हा जातिवाचक शब्दच असावा, असे मला वाटते. मेण कसे वळवावे आणि ओल्या मातीला भेग न पडता आकार कसा द्यावा, हे ज्याच्या पिढीजात हाताला ठाऊक होते त्याच्याकडे हे काम जावे यात आश्चर्य नाही.

पाश्चात्त्य वैद्यकाच्या इतिहासातही नवल हे असेच शिल्लक राहते. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हर्मॉंट राज्यात फिनिअस गेज या रेल्वेच्या मुकादमाच्या गालातून शिरून कवटीतून साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलोची लोखंडी पहार आरपार गेली आणि तो वाचला. पहार सर्वांना आठवते. हार्लो या गावच्या डॉक्टरने पुढचे कित्येक आठवडे ती सडलेली जखम धुतली, पू काढला, हे फार थोड्यांना. गेज त्यानंतर बारा वर्षेही जगला नाही आणि त्याची कवटी हार्वर्डच्या संग्रहालयात ठेवली गेली.

याउलट उदाहरण महाडचे आहे. कोकणात लाल विंचवाचा दंश झालेली मुले कधी वाचत, कधी दगावत, आणि यामागे दैव आहे असेच लोक मानीत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या खाटेशेजारी बसून हृदयावर होणारे परिणाम टिपले. १९८२ साली त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट' या वैद्यक-नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने असे मृत्यू मोठ्या प्रमाणात टळू लागले. आज विंचू चावून मूल वाचले तर कोणी हकीकत सांगत नाही.

पुन्हा चीवरक्खन्धकाकडे यावयास हवे, कारण तेथे जीवकाविषयी एक अडचणीची गोष्टही आहे. त्याचे रुग्ण श्रेष्ठी व राजे होते. साकेतच्या श्रेष्ठीपत्नीला बरे केल्याबद्दल त्या कुटुंबाने त्याला सोळा हजार कार्षापण दिले आणि सोबत रथ, एक दास व एक दासी. दासीने उकिरड्यावर नेलेल्या मुलाला पहिल्याच कमाईत दासी मिळाली आणि ग्रंथ त्यावर काहीच बोलत नाही. गरिबांची वाट निराळी होती. महावग्गाच्या पहिल्या खन्धकात मगधात पाच रोगांची साथ पसरल्याचे वर्णन आहे. जीवक राजाची व संघाचीच चिकित्सा करतो हे कळल्यावर रोगी लोक उपचारासाठी म्हणून प्रव्रज्या घेऊ लागले, आणि शेवटी जीवकाच्याच विनंतीवरून अशांना प्रव्रज्या न देण्याचा नियम झाला. नियमाचे कारण समजते. दारात उभ्या असलेल्या त्या रोग्यांचे पुढे काय झाले, हे समजत नाही.

परंतु ज्या खन्धकाची सुरुवात जीवकाने होते त्याच खन्धकात पुढे एका अतिसार झालेल्या भिक्खूची गोष्ट येते. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याने इतरांसाठी काही केलेले नसल्यामुळे त्याची शुश्रूषा कोणी करीत नव्हते. भगवंत आनंदासह तेथे आले, त्यांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, एकाने डोक्याकडून व एकाने पायांकडून धरून त्याला मंचकावर ठेवले. मग भिक्खूंना बोलावून सांगितले की, माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने रुग्णाची सेवा करावी. येथे कोणाचीही कवटी उघडली जात नाही, मोबदला नाही, कीर्ती नाही. तो भिक्खू वाचला की नाही, हेही सांगितलेले नाही. त्यानंतर लगेच रुग्णाचे व शुश्रूषकाचे गुणदोष मोजून दिले आहेत, त्यांत कफ, मलमूत्र व ओकारी काढण्याची किळस न करणे हा शुश्रूषकाचा एक गुण आहे.

पुढच्या पौर्णिमेला मी नेरला पुन्हा गेलो. त्या उपासिकेला सांगितले की, आई, दासीचे पुढे काय झाले ते ग्रंथात नाही; तिचे नावही नाही. मूळ क्रियापद 'छड्डेसि' आहे, म्हणजे टाकले. सूप जुने, टाकून देण्याजोगे होते, आणि बाळाला सुपात घालण्यास सांगणारी सालवतीच होती, एवढे मात्र स्पष्ट आहे. आपल्याकडे नवजात बाळाला सुपात निजविण्याची रीत आहे, हे तिला मी सांगावयास नको होते. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सुपात घाल म्हनली ना थे? मंग मायच होती."